बोटभर उतार

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट वाकडी सोसत नाही. सगळं आयुष्य गवंडीकामात गेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत ह्यांची नजर दाराच्या चौकटीवर फिरत असते, आणि चौकट ओळंब्यात नसली तर तो चहा ह्यांना गोड लागत नाही. लेकीचं लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा बोलणी चालू असताना हे मध्येच म्हणाले, "पोट सुटलंय." ह्यांना समोरची भिंत म्हणायची होती. व्याही बिचारे स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले. तरी लग्न झालं, हे आमचं नशीब.

यंदा उन्हाळा लवकर तापला तसा मुलाने आमच्या खोलीच्या खिडकीत एसी बसवून दिला. आमची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीबाहेर अरुंद बोळ. एसीवाला आला, खिडकीत लाकडी फळी ठोकली, त्यावर ते धूड चढवलं, निम्मं आत, निम्मं बोळात. हे खुर्ची टाकून सगळं बघत होते. तो निघाला तेव्हा ह्यांनी त्याला थांबवलं आणि मशीन मागच्या बाजूला खाली झुकलंय, हे दाखवून दिलं. तो म्हणाला, असंच असतं, आहे तसं राहू द्या, हात लावू नका. त्याला पुढच्या कामाची घाई होती. हातातली पिशवी खांद्याला लावून तो गेलासुद्धा.

"काम बिघडलं की कारागीर असंच म्हणतो," हे मला म्हणाले. "मीपण म्हणायचो."

पहिले काही दिवस गार हवेच्या कौतुकात गेले. मग हवा मंद झाली. मी पुढची जाळी काढून पाहिली तर तिच्यावर गोधडीसारखी धूळ. साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, परत बसवली, हवा पहिल्यासारखी झाली. घरात माझं नाव झालं. सुनेने ऑफिसात जाऊन सांगितलं म्हणे, आमच्या आई एसी दुरुस्त करतात. हे ह्यांना थोडं लागलंच असणार.

त्यानंतर खडखड सुरू झाली. मशीन चालू झालं की फळीवर पत्रा थरथरायचा, डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. माझे कान जरा जड आहेत, मला त्रास नव्हता. हे मात्र या कुशीवरून त्या कुशीवर. त्यांचं म्हणणं, वाकडं बसलंय म्हणून वाजतंय. आडवे पडले की नेमका तो झुकाव त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. कुणी तिरकं चित्र लावून ठेवलं आणि तुमचे हात बांधून ठेवले तर जसं होईल, तसं ह्यांचं चाललं होतं.

एक दिवस मुलगा आणि सून कामावर गेल्यावर ह्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. पाणसळ काढली. म्हणजे ती गवंड्याची पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मध्यावर आला की जागा सपाट. ती मशीनवर ठेवली तर बुडबुडा पार आतल्या टोकाला पळालेला. ह्यांचा चेहरा असा उजळला की जसं काही चोर सापडला. मग पहार घेऊन बोळात गेले. मला बोलावलं. पहार लावून ह्यांनी मशीन मागून उचललं आणि मी फरशीचा तुकडा खाली सरकवला. ह्या वयात हे धंदे, असं मी म्हणत होते, पण सरकवला मीच. आत येऊन पाहिलं तर बुडबुडा अगदी मध्यावर. आणि खडखड बंद.

एवढंच नाही. मागच्या बाजूने मशीनमधून पाणी गळायचं. मी तिथे बादली लावून ठेवली होती, फरशी पुसायला ते पाणी चालायचं. मशीन सरळ केलं आणि गळणंही थांबलं. बादली कोरडी ठणठणीत.

"बघ," हे म्हणाले, "एका फरशीत दोन्ही दुखणी गेली."

पुढचा आठवडाभर घरी येईल त्याला बोळात नेऊन बादली दाखवायचे.

ह्यांना नावं ठेवते, पण मी काही कमी नाही. माझं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलं. मला उघडंबोडकं बघवत नाही. एसीखालची ती फळी, खिळ्यांची डोकी, कडेला कोंबलेला पिवळा फोम, सगळं डोळ्यांना टोचायचं. पलंगाची कड अगदी खिडकीखाली. माझ्याकडे सोफ्याचं जाड कापड उरलं होतं, तपकिरी, त्यावर गडद फुलं. त्याची चुण्या घातलेली झालर शिवली. ह्यांनी ती फळीला ठोकून दिली, अर्थात पाणसळ लावून. वाऱ्याने फडफडू नये म्हणून खालचं टोक मी गादी आणि भिंत यांच्यामध्ये खोचून टाकलं. खोलीला शोभा आली.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, गाव लांबचं, सासू नाही. तिने काही मागितलं नाही, मागायचा तिचा स्वभावच नाही. नुसतं म्हणाली, आई, तू कधी येतेस. मी म्हटलं, तू म्हणशील तेव्हा. मुलगा लगेच म्हणाला, तिकीट काढतो. मी म्हटलं, काढ. पण त्याच्या कामाच्या गडबडीत ते दोन-चार दिवस राहून गेलं, आणि त्या दिवसांतच ते झालं.

दुपारी मी एकटीच आडवी होते. हे दुपारी झोपत नाहीत, कोपऱ्यावर कुठलीशी इमारत उठतेय तिथे जाऊन दुसऱ्यांच्या भिंतीत खोट काढत बसतात. दुपारी मी भिंतीकडच्या बाजूला झोपते, रात्री तिथे हे. तिथे गारवा चांगला लागतो. त्या दुपारी जाग आली तर कमरेखाली ओलं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं, आणि मी तशीच पडून राहिले. हलले तर खरं होईल असं वाटलं.

माझ्या सासूबाईंचं शेवटी तसं झालं होतं. मीच केलं त्यांचं सगळं. रबराची चादर, दिवसातून कितीदा धुणं. कामाचं काही वाटलं नाही. पण येणारी माणसं दारातूनच विचारपूस करायची, हे त्यांना दिसायचं. नातवंडं आजीच्या खोलीत जायला कुरकुरायची. बाई फार बोलकी होती, शेवटची वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली तिने. ते सगळं त्या दुपारी माझ्या अंगावर आलं.

चादर काढली, बाथरूममध्ये धुतली, मागच्या दोरीवर टाकली. हे आले तेव्हा म्हटलं, चहा सांडला.

किती वेळा चहा सांडणार? एक दिवसाआड ओलं व्हायचं, कधी रोज. मी दुपारचं पाणी बंद केलं. घसा सुकायचा, डोकं गरगरायचं, तरी गादी ओली. चादरीखाली जुनं प्लास्टिक घालून पाहिलं, तर ते माझ्या अंगाखाली चुरचुर वाजायचं आणि झोपच यायची नाही. न झोपावं म्हटलं तर गारव्याने आणि अशक्तपणाने डोळा लागायचाच. उठले की पहिला हात खाली. घरात एक जागी बसवेना. स्वयंपाक करताना, भाजी निवडताना मध्येच उठून खोलीत जायची, गादीला हात लावायची, परत यायची.

आणि ह्यांचं काहीतरी निराळंच चाललं होतं. जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही तो माणूस पहाटे उठून स्वतःची लुंगी धुवायला लागला. मला जाग यायची तेव्हा लुंगी दोरीवर. विचारलं तर म्हणाले, व्यायाम होतो. मग माझ्या लक्षात आलं. माझ्या दुपारच्या ओलीने गादी आतून भिजून राहते आणि रात्री ती ह्यांना लागते. ह्यांना सगळं कळलंय, आणि माझी लाज राखायला हा माणूस मुकाट्याने लुंगी धुतोय. हे मनात आलं तेव्हा मला ह्यांच्याकडे बघवेना. जेवताना ताटात बघायची. हेही ताटातच बघायचे. संध्याकाळचा चहा सोडला ह्यांनी, कारण सांगितलं पित्ताचं. कोपऱ्यावरच्या इमारतीकडे जाणंही सोडलं. दिवसभर पुढच्या खोलीत, कधी खुर्चीत, कधी खिडकीत, येरझाऱ्या.

मुलाने विचारलं, तिकीट कधीचं काढू. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, बघू. पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, उन्हं उतरू देत. बाळंतपण काय उन्हं उतरायची वाट बघतंय? पण जाऊ कशी? लेकीच्या अवघडल्या दिवसांत मी तिला आधार द्यायचा, की तिने माझी चादर धुवायची? तिचा नवरा, त्याचे येणारे-जाणारे. दारातून विचारपूस.

लेकीचा फोन आला की मी तो ह्यांच्याकडे द्यायची. हे फोनवर पाऊसपाण्याचं बोलायचे. एकदा तिने माझ्याशीच बोलायचं म्हणून धरून ठेवला. म्हणाली, "आई, तुला यायचं नसेल तर तसं सांग. मी दुसरी सोय करते. राग नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी कपाट उघडलं तर त्यात एक पुडकं. मेडिकलच्या दुकानातलं. वर हसऱ्या म्हातारा-म्हातारीचं चित्र, मोठ्या माणसांचे लंगोट. सुनेने आणून ठेवलेलं. बोलली काही नाही, त्या दिवशी जेवायला वाढताना नेहमीपेक्षा मऊ बोलली एवढंच. दोरीवर रोज काय वाळतंय ते तिलाही दिसत होतं. मी कपाट लावलं. त्यानंतर हे कपडे काढायला गेले, कपाट उघडून बराच वेळ उभे राहिले, आणि कपडे न घेताच बाहेर आले. त्यांनाही ते दिसलं, म्हणजे आता झाकायला काही उरलं नाही, असं मला वाटलं. पुडकं तसंच राहिलं. ना मी फोडलं, ना कुणी हलवलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की झोपायचंच नाही. पडायचं, डोळे उघडे ठेवायचे. जे होतं ते जागेपणी होऊ दे, निदान कधी आणि कसं ते कळू दे. आणि आवरता येत नसेल तर संध्याकाळी लेकीला स्वतः फोन करून सांगायचं की दुसरी सोय कर.

पडले. वर मशीन चालू होतं, आवाज नाही, गार हवा. छतावरचा एक डाग बघत राहिले. मनात लेकीच्या लहानपणापासूनचं सगळं येऊन गेलं. कुशीवर वळावंसं वाटलं तरी वळले नाही. एक हात कमरेखाली ठेवून दिला होता, पहारेकऱ्यासारखा. बराच वेळ काही नाही. मग बोटांना ओल लागली.

मी जागी होते. मी काही केलं नव्हतं. आणि ते गार होतं.

म्हाताऱ्या सासूची चादर जिने धुतली आहे तिला हे कुणी सांगायला नको. अंगातून येतं ते कोमट असतं. हे माठातल्या पाण्यासारखं गार. इतके दिवस मी जागी व्हायची तेव्हा सगळं निवलेलंच असणार असं धरून चालले होते. मी उठून बसले आणि ओलीच्या मागे हात नेत गेले. कमरेखालून गादीच्या कडेला. कडेवरून भिंतीकडे. भिंतीकडून झालरीत. झालर खालपासून वरपर्यंत चिंब. गडद कापड, त्यावर गडद फुलं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मुठीत धरून पिळली तर पाण्याची धार लागली. थेंब पडायचा आवाज कसा येणार? दिव्याची वात तेल ओढते तसं ते कापड वरचं पाणी ओढून गादीत सोडत होतं.

मी हाक मारली. "अहो, जरा इकडे या."

हे आले आणि दारातच थांबले. ओली चादर पाहिली, माझा ओला हात पाहिला. चेहरा एकदम म्हातारा झाला.

"ते माझं आहे," हे म्हणाले. "सकाळचंच आहे. तू नको काढूस, मी बदलतो."

कितीतरी दिवस हा माणूस पहाटे उठून स्वतःची लाज धूत होता, आणि मला वाटत होतं माझी धुतोय. चहा का सोडला, कपाटापुढे का उभे राहिले, घराबाहेर का पडत नव्हते, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी पलंगावरून उतरले, त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं आणि तो हात झालरीवर ठेवला.

"दाबा," मी म्हटलं.

त्यांनी दाबली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. त्यांनी ते बघितलं, वर मशीनकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"तू पण?"

"मी दुपारची," मी म्हटलं. "तुम्ही सकाळचे."

आम्ही दोघं ओल्या गादीवरच बसलो. हसू आलं का रडू ते आता नीट सांगता येणार नाही. थोडं दोन्ही झालं. मग ह्यांनी पेटी ओढून पाणसळ काढली आणि मशीनवर ठेवली. बुडबुडा मध्यावर. केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही. त्या बुडबुड्याकडे ते इतका वेळ बघत होते की मला वाटलं आता रागावतील.

"जन्मभर लोकांच्या मोऱ्यांना उतार दिला," ते शेवटी म्हणाले. "गच्च्यांना दिला. आणि ह्या पाण्याला मी घरात डांबून ठेवलं."

एसीवाल्याला फोन लावला. त्याने पहिल्यांदा विचारलं, हात लावला होता का. मग सांगितलं की मागची बाजू बोटभर खाली हवी, नाहीतर पाणी पुढून घरात येतं, बाहेर गळत होतं ते गळायलाच हवं होतं. ह्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "हे त्याने त्या दिवशी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?"

बोळात जाऊन पहार लावली, फरशीचा तुकडा मी ओढून काढला. मशीन मागे कललं आणि खडखड परत सुरू झाली. मी बादली लावली. आम्ही दोघं बोळात उभे राहिलो, कुणाच्या घरी बाळंतपण असावं आणि पुरुषांनी बाहेर उभं राहावं तसे. काही वेळाने बादलीत पहिला थेंब पडला.

संध्याकाळी सून आली तेव्हा गादी अंगणात उन्हाला लावलेली. तिला सगळं सांगितलं. ती ओठ दाबून ऐकत होती, मग तिला राहवेना. म्हणाली, "आई, दोघांपैकी कुणाला लागतंय तेच मला कळेना. म्हणून पुडकं कपाटात मधल्या फळीवर ठेवलं."

वरची फळी ह्यांची, खालची माझी. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती पुसत बसली तेव्हा ते नुसतं हसण्याचं नव्हतं हे मला कळलं. विचारायला हवं होतं मी तुम्हाला, असं काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, तू काय विचारणार, आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

पुडकं मी फोडलं. मशीन आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये फट राहिली होती, तिथून गरम हवाही यायची आणि पत्राही वाजायचा. ते लंगोट घड्या घालून त्या फटीत ठासून भरले, वरून कापडाची पट्टी मारली. खडखड पुष्कळ कमी झाली. अगदी गेली नाही. मुलगा बघून म्हणाला, कंपनीवाल्यांनासुद्धा हे सुचलं नसेल. मी त्याला म्हटलं, ते राहू दे, तिकीट काढ. उद्याचं मिळालं तर उद्याचं.

निघायच्या आदल्या दिवशी बघितलं तर हे पलंगावर पडलेले आणि नजर वर, मशीनच्या खालच्या कडेवर. ती कड आता परत तिरकी दिसत होती. पायाचा अंगठा हलत होता. मी उरलेलं कापड काढलं आणि नवी झालर शिवली, आखूड. तिरकी कड झाकेल एवढीच, पलंगापासून चांगली वीतभर वर. ठोकताना ह्यांनी पाणसळ लावली. झालर सरळ, मागे मशीन वाकडं. हे म्हणाले, चालेल.

लेकीकडे पोचले त्या दुपारी तिने मला तिच्याच खोलीत झोपवलं, तिच्या शेजारी. पोट एवढं मोठं झालेलं, ती पाठीवर झोपूही शकत नव्हती. वर खिडकीत तसलंच मशीन. जाग आली तसा हात आपोआप खाली गेला. कोरडं होतं. तरी मी उठून बसले, खिडकीपर्यंत गेले, गज धरून बाहेर डोकावले. खाली भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसेपर्यंत मला परत पडवलं नाही.

"आई, काय शोधतेस?" लेकीने डोळे न उघडता विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, तू झोप.